३६ टक्के, ४,६०५ आणि १३,८६१ : बीडच्या एका बातमीतले तीन आकडे

२०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातली एक बातमी आधी राज्यभर, मग देशभर आणि तिथून परदेशी वर्तमानपत्रांत गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयातच काढल्या जात आहेत, ही ती बातमी. वंजारवाडी, हाजीपूर अशी एरवी तालुक्याबाहेर कुणाला माहीत नसलेली गावं मुंबई-दिल्लीच्या पानांवर आली. बातमीचा गाभा खरा होता. घोळ झाला तो आकड्यांत. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून, तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजणारे तीन आकडे आले आणि बऱ्याच बातम्यांनी ते एकाच परिच्छेदात एकाच गोष्टीचे असल्यासारखे बसवले.

पहिला आकडा ३६ टक्क्यांचा. दोनशे ऊसतोड महिलांची एक छोटी पाहणी झाली होती. त्यांतल्या ७२ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. दुसरा आकडा ४,६०५. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत तो सांगितला. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीने बीडमधल्या ९९ खासगी रुग्णालयांची माहिती घेतली होती. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत तिथे गर्भाशय काढण्याच्या एवढ्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. तिसरा आकडा १३,८६१. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या कामात तो पुढे आला. आरोग्य विभागाने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली.

म्हणजे एक आकडा छोट्या नमुन्यातला, एक रुग्णालयांच्या नोंदींतला आणि एक मोठ्या पाहणीतला. पहिला आणि तिसरा ‘आजवर कधीतरी शस्त्रक्रिया झालेल्या बायका’ मोजतात, दुसरा ‘तीन वर्षांत झालेल्या शस्त्रक्रिया’ मोजतो. हा फरक सुटला की पुढचं सगळंच घसरतं.

३६ विरुद्ध ३

सर्वांत जास्त चाललेलं वाक्य असं होतं : देशात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचं प्रमाण ३ टक्के, बीडच्या ऊसतोड महिलांत ३६ टक्के, म्हणजे बारापट. यातला ३ हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतला, २०१५-१६ चा. नेमका आकडा ३.२ टक्के, महाराष्ट्रासाठी २.६. सुमारे सात लाख स्त्रियांच्या मुलाखतींवर तो उभा आहे, त्यामुळे तो पक्का आहे. चूक त्याला ३६ च्या शेजारी बसवण्यात आहे.

३.२ टक्के हे प्रमाण १५ ते ४९ वयाच्या सगळ्या स्त्रियांचं आहे. त्यात अकरावीतल्या मुलीही आल्या. कोयत्यावर जाणाऱ्या बायकांत पंधरा-अठराच्या अविवाहित मुली जवळजवळ नसतात, कारण मुकादम (कारखान्याला मजूर पुरवणारा) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडप्याला. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. शिवाय गर्भाशय काढण्याचं प्रमाण वयाबरोबर झपाट्याने चढतं. त्याच सर्वेक्षणात तिशीच्या आतल्या स्त्रियांत ते अर्ध्या टक्क्याहून कमी, ३० ते ३९ मध्ये ३.६ आणि ४० ते ४९ मध्ये ९.२ टक्के आहे. चाळिशीतल्या बायका जास्त असलेल्या कुठल्याही गटाची तुलना ३.२ शी केली, तर तो गट आपोआप ‘भयानक’ दिसणार. मग तो शिक्षिकांचा असो नाहीतर कोयत्यावरच्या बायकांचा.

दुसरी अडचण नमुन्याची. इथे उपसंपादक ‘फक्त दोनशेच बायका’ म्हणून नाक मुरडतात, पण खरं दुखणं ते नाही. दोनशे बायका रीतीने, चिठ्ठ्या टाकून निवडल्या असत्या तर ३६ टक्क्यांभोवतीची चूक साधारण साडेसहा टक्क्यांची निघते. म्हणजे खरं प्रमाण २९ ते ४३ च्या दरम्यान, आणि ते कुठल्याही हिशेबाने मोठंच. प्रश्न असा की या दोनशे जणी कोणत्या गावांतल्या, कुणी बोलावलेल्या, कुणामार्फत भेटलेल्या? तक्रारीची चर्चा आधीच असलेल्या गावात पाहणी केली तर उत्तर त्या गावांपुरतं मिळतं. नमुना दोनशेचा दोन हजार केला तरी हा दोष जात नाही.

‘या गावात निम्म्या बायकांना पिशवीच नाही’ ही बातमीही याच जातीची. बीडमध्ये ११ तालुके आणि हजाराहून जास्त गावं आहेत. एखाद्या वाडीत तिशी-चाळिशीतल्या साठ बायका धरा. तीनच शस्त्रक्रिया जास्त झाल्या की तिथलं प्रमाण पाच टक्क्यांनी वर जातं. लहान गावांत आकडे असे खालीवर उड्या मारतात. सर्वांत वर गेलेलं गाव निवडून त्याच्यावर जिल्ह्याचं निदान करायचं नसतं. त्या गावात काय घडलं हे जरूर शोधावं. तिथे कोणता डॉक्टर येतो, कोणत्या दवाखान्यात बायका जातात, मध्ये कोण आहे, हे शोधण्यासाठी ते गाव उत्तम. जिल्ह्याचं प्रमाण काढण्यासाठी मात्र निरुपयोगी.

४,६०५ कशाचे?

हा आकडा विधान परिषदेतून आला, म्हणून त्याला सरकारी शिक्का मिळाला आणि तोच सर्वांत जास्त चुकीचा छापला गेला. ‘बीडमध्ये तीन वर्षांत ४,६०५ ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढली’ असं वाक्य दिसलं की ते चूक समजावं. मंत्र्यांनी त्याच निवेदनात यातल्या अनेक बायका ऊसतोड कामगार नव्हत्या असंही सांगितलं होतं. नोंदी रुग्णालयांच्या होत्या. त्यांत शिक्षिका, शेतकरी, व्यापाऱ्यांच्या घरच्या, सगळ्याच बायका आल्या. शेजारच्या जिल्ह्यातून बीडला येऊन शस्त्रक्रिया करून घेतलेली बाई त्यात येते, आणि बीडची बाई नगरला किंवा लातूरला गेली तर ती गळते. सरकारी रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया त्यात धरलेल्या नाहीत.

मग ४,६०५ मोठा आकडा आहे का? चार हजार म्हटलं की मोठाच वाटतो. पण भागाकार केल्याशिवाय ते कळत नाही आणि तो भागाकार कुणी फारसा केला नाही. पाच मिनिटांचं काम आहे, करून पाहू.

४,६०५ भागिले ३ म्हणजे वर्षाला सुमारे १,५३५. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. त्यात स्त्रिया साडेबारा लाखांच्या थोड्या आत. १५ ते ४९ वयाच्या त्यांतल्या साधारण निम्म्या, म्हणजे सहा लाखांच्या आसपास. म्हणजे हजार स्त्रियांमागे वर्षाला अडीच शस्त्रक्रिया. हाच वेग पंधराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत, पस्तीस वर्षं, तसाच चालला तर पन्नाशी गाठताना शंभरातल्या आठ-नऊ जणींची पिशवी काढलेली असेल. देशात ४० ते ४९ वयोगटात ९.२ टक्के आहेत. थोडक्यात, ४,६०५ हा आकडा सगळ्या जिल्ह्याचा म्हणून घेतला तर देशाच्या सरासरी वेगाहून फारसा वेगळा निघत नाही.

हा हिशेब ढोबळ आहे. पन्नाशीपुढच्या बायकांच्या शस्त्रक्रियाही ४,६०५ मध्ये आहेत, लोकसंख्या २०११ नंतर वाढली आहे. दोन्ही गोष्टी वेग आणखी कमीच दाखवतात. पण यातून ‘बीडमध्ये काही झालंच नाही’ असा अर्थ काढायचा नाही. काहींनी तो काढलाही. ‘ऊसतोड बायका त्यात नाहीतच, आकडाही नेहमीचाच’ असं म्हणून विषय मिटवण्याची सोय या चुकीच्या मथळ्यांनीच करून दिली. भागाकारातून निघतं ते एवढंच : या आकड्याच्या जोरावर ऊसतोड बायकांबद्दल काहीच म्हणता येत नाही, ना आरोप ना सुटका. आणि एक शंका उरते, रुग्णालयांनी दिलेली माहिती पूर्ण होती का.

ती शंका तपासायला तिसरा आकडा उपयोगी पडतो. १३,८६१ शस्त्रक्रिया समजा पंधरा वर्षांत मिळून झाल्या असतील, तर फक्त ऊसतोड बायकांच्याच वर्षाला सव्वानऊशेच्या आसपास होतात. सगळ्या जिल्ह्याच्या खासगी रुग्णालयांचा वर्षाचा आकडा १,५३५. म्हणजे एकतर निम्म्याहून जास्त शस्त्रक्रिया ऊसतोड बायकांच्या होत्या, किंवा पुष्कळ बायका जिल्ह्याबाहेर गेल्या, किंवा सगळ्या नोंदी आल्या नाहीत. यातलं कोणतं खरं, हे विचारायला बातमीदाराकडे तेव्हा जागा होती.

१३,८६१ : सर्वांत चांगला आकडा, सर्वांत कमी वापरलेला

८२,३०९ पैकी १३,८६१ म्हणजे १६.८ टक्के. इथे अंश आणि छेद दोन्ही एकाच पाहणीतले, एकाच गटाचे. पाहणी दोनशे जणींची नाही. बातमी या आकड्यावर उभी राहायला हवी होती. पण हा आकडा आला तोवर ३६ टक्के लोकांच्या तोंडी बसले होते, आणि १६.८ पुढे आल्यावर ‘प्रमाण निम्म्यावर आलं’ असं वाटण्याचा धोका निर्माण झाला. प्रमाण कुठेच आलं-गेलं नव्हतं. मोजणी सुधारली होती. दुसरीकडे ‘तीन वर्षांत’ हे शब्द ४,६०५ वरून सुटून १३,८६१ ला चिकटले. तसं असतं तर वर्षाला साडेचार हजारांहून जास्त शस्त्रक्रिया फक्त ऊसतोड बायकांवर झाल्या, असा अर्थ झाला असता.

आता वयाचा हिशेब लावून बघू. पाहणीतल्या बायकांची वयं इथे गृहीत धरावी लागतात, म्हणून पुढचं उदाहरण पद्धत दाखवण्यापुरतं आहे. समजा शंभरातल्या २० जणी तिशीच्या आत, ४५ जणी ३० ते ३९ च्या आणि ३५ जणी ४० ते ४९ च्या. देशाचं वयवार प्रमाण यांना लावलं तर तिशीच्या आतल्यांतून जेमतेम ०.१, मधल्या गटातून १.६ आणि वरच्या गटातून ३.२ येतात. बेरीज सुमारे ४.९ टक्के. म्हणजे या वयाच्या ८२,३०९ बायकांत देशाच्या सरासरीने ४,००० च्या आसपास शस्त्रक्रिया ‘अपेक्षित’ होत्या, सापडल्या १३,८६१. साडेतीनपट, बारापट नव्हे. पन्नाशीपुढच्या बायका पाहणीत असतील तर ते आणखी थोडं खाली येईल.

साडेतीनपट हा आकडा मथळ्यात बारापटीइतका चमकत नाही. पण तो टिकतो. बारापटीवर कुणी वयाचा मुद्दा काढला की बातमी कोसळते आणि तिच्याबरोबर त्या बायकांचं म्हणणंही. साडेतीनपटीत वयाचा मुद्दा आधीच जमेला धरलेला आहे, तरीही जवळजवळ दहा हजार शस्त्रक्रियांचा खुलासा मागता येतो.

ऊस हे कारण आहे का?

बातम्यांचा सूर असा होता की पाळी आली की कामात खाडा पडतो, खाड्याचा दंड उचलीतून कापला जातो, म्हणून मुकादम पिशवी काढायला लावतात. असं घडल्याचं बायकांनी सांगितलं असेल तर ते छापलंच पाहिजे, बाईचं म्हणणं म्हणून आणि मुकादमाला, कारखान्याला विचारून. पण १६.८ टक्के हा आकडा त्याचा पुरावा होत नाही. त्यासाठी त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, तितक्याच शिकलेल्या, पण ऊसतोडीला न जाणाऱ्या बायकांचं प्रमाण शेजारी हवं. ते कुठे आहे, असं विचारणारे प्रश्न फारसे आले नाहीत.

आणि एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून निसटली. चौथ्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आंध्र प्रदेशात गर्भाशय काढलेल्या स्त्रिया ८.९ टक्के, तेलंगणात ७.७, बिहारमध्ये ५.४ आहेत, तिन्ही महाराष्ट्राच्या २.६ च्या दुपटीहून जास्त. तेलंगणाची सीमा तर नांदेडला लागून. तिथे बीडसारखी टोळ्यांनी जाणारी ऊसतोड हे कारण नाही. देशभरातल्या या शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश खासगी दवाखान्यांत झालेल्या आहेत. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, जास्त अंगावर जाणं या तक्रारींवर औषधाने उपचार होऊ शकतात. पण त्यासाठी चार-पाच वेळा दवाखाना गाठावा लागतो. दिवाळीनंतर कारखान्यावर जाऊन थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारी, कोपीत म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहणारी, पाण्याची आणि संडासाची सोय नसलेली बाई ते कसं करणार? ‘कॅन्सर होईल’ असं डॉक्टरने एकदा म्हटलं की ती एका फेरीत मोकळी व्हायला बघते. लवकर लग्न, विशीतच दोन-तीन मुलं आणि नसबंदी, त्यामुळे ‘आता पिशवीचं काय काम’ ही समजूत. यात ऊसतोड आहेच, पण एकटी नाही. सगळं मुकादमावर ढकलल्यावर शस्त्रक्रिया करणारा हात बातमीतून बाहेर जातो.

बातमी कुठे घसरली

साखळी अशी असते. तालुक्याचा बातमीदार गावात जाऊन बायकांशी बोलतो. त्याचं काम बहुधा चोख असतं. मुंबईचा प्रतिनिधी अधिवेशनातलं उत्तर पाठवतो. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी डेस्कवर येते, तिचं मराठी करताना ‘बीड जिल्ह्यातल्या रुग्णालयांत’चं ‘बीडच्या महिलांवर’ होतं. मग पार्श्वभूमी म्हणून जुन्या बातमीतला परिच्छेद चिकटवला जातो, ज्यात ३६ टक्के आहेत. रात्री नऊनंतर चार ओळी कापायच्या म्हटलं की आधी जाते ती ‘यातील अनेक महिला ऊसतोड कामगार नसल्याचे मंत्र्यांनी सांगितले’ ही ओळ. कुणीही खोटं लिहिलेलं नसतं, तरी छापून आलेलं चूक असतं.

हे टाळायला डेस्कवर आकडेशास्त्राची पदवी लागत नाही. आकडा आला की त्याच्या शेजारी हाताने पाच गोष्टी लिहाव्यात : बायका मोजल्या की शस्त्रक्रिया, कितींपैकी, कोणत्या काळात, कुठे राहणाऱ्या की कुठे दाखल झालेल्या, कोणत्या वयाच्या. पाचांतलं एकही रिकामं राहिलं तर तो आकडा दुसऱ्या आकड्याशेजारी लावू नये. जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाला फोन करताना ‘किती झाल्या?’ एवढ्यावर थांबू नये. वयवार तक्ता मागावा, विशेषतः ३५ च्या आतल्या किती. रुग्णाचा तालुका मागावा. शस्त्रक्रियेचं नोंदवलेलं कारण मागावं, आणि काढलेलं गर्भाशय तपासणीला पाठवल्याचा अहवाल कितींचा आहे तेही विचारावं. गाठ, कर्करोग, अतिरक्तस्राव यांच्याऐवजी ‘पांढरं जाणं’ एवढंच कारण किती कागदांवर आहे, ही त्या प्रकरणातली सर्वांत मोठी बातमी ठरली असती. तोंडी मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. रुग्णांची नावं वगळून तक्ता देता येतो.

त्या वेळी हाती असलेल्या माहितीतून एवढं लिहिता आलं असतं : ‘बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे, म्हणजे दर सहांपैकी एकीचे, गर्भाशय यापूर्वी कधीतरी काढल्याचे आढळले. शस्त्रक्रिया कोणत्या वर्षी झाल्या हे या आकड्यावरून कळत नाही. देशात चाळिशीतल्या स्त्रियांतही हे प्रमाण दहांपैकी एकीहून कमी आहे. जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची नोंद आहे. त्यात ऊसतोड न करणाऱ्या महिलाही आहेत.’ पाच वाक्यं. यात ‘सहांपैकी एक’ हे १६.८ टक्क्यांपेक्षा लवकर कळतं, आणि चाळिशीची तुलना घेतल्याने ‘वय विचारात घेतलं का’ या प्रश्नाला उत्तर आधीच मिळतं.

पुढे बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. नियम चांगला, पण त्याने आकड्यांची एक नवी फसगत तयार केली. परवानगी बीडच्या रुग्णालयांना लागते, बीडच्या बाईला नाही. आष्टीहून नगर जवळ, गेवराईहून जालना आणि संभाजीनगर, परळीहून लातूर आणि परभणी. बीडच्या रुग्णालयांतला आकडा खाली आला म्हणजे बीडच्या बायकांच्या शस्त्रक्रिया कमी झाल्या, असं त्यावरून म्हणता येत नाही. ‘नियमानंतर शस्त्रक्रिया घटल्या’ असं पत्रक आलं तर छापण्याआधी या शेजारच्या जिल्ह्यांच्या शल्यचिकित्सकांना फोन लावावा आणि बीड जिल्ह्याचा पत्ता असलेल्या रुग्ण वर्षागणिक किती, तेवढं विचारून घ्यावं.